सोडणे आणि हिरावले जाणे

उज्जीवन सभांचा आपल्या मंडळ्यांना कधी कंटाळा येत नाही. सुगी घरात आली की नगर, सोलापूर, जालन्याकडे गावोगाव मांडव पडतात. बाहेरगावचे वक्ते येतात, पेटी-ढोलकीवर गायन रंगते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री माणसे पुढे येऊन गुडघे टेकतात, ढसाढसा रडतात. ते रडणे खोटे असते असे मला कधीच वाटले नाही. शहरातल्या चर्चमधली शिकलेली मंडळी त्याला नाके मुरडतात. पण ज्यांच्या डोळ्यांत स्वतःच्या पापापायी वर्षानुवर्षे टिपूसभर पाणी आलेले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या रडण्याची टवाळी करू नये. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. सभा संपते, मांडववाला बांबू सोडून घेऊन जातो आणि भावाभावांतला कोरलेला बांध कोरलेलाच राहतो. चर्चच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी यावरून ज्यांचे बोलणे बंद असते, त्यांचे ते बंदच राहते. दोघेही साक्ष द्यायला उभे राहिलेले असतात. दोघांच्याही साक्षीत किल्लीचा विषय नसतो.

उपवासकाळात वाचण्यासाठी तयार केलेली ही पुस्तिका किल्लीसारख्याच गोष्टींविषयी आहे. ‘आत्मिक नवीकरण’ आणि ‘स्वार्थत्याग’ हे तिचे दोन विषय आहेत असे मुखपृष्ठावर लिहिता आले असते. तसे लिहिले की पुस्तक भारदस्त दिसते आणि लोक ते न उघडता शेल्फवर ठेवतात. शिवाय हे दोन विषय आहेत हेच मुळात मला मान्य नाही. माणूस आतून नवा झाला की नाही हे त्याच्या हातून काय सुटले यावरून कळते. दुसरी खूण बायबलमध्ये तरी मला फारशी सापडलेली नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून पाहा. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेकाठी लोकांना पश्चात्तापाचा उपदेश करतो आहे. त्याची भाषा जहाल आहे, लोक हादरले आहेत आणि ‘मग आम्ही काय करावे?’ असे विचारत आहेत. आजचा वक्ता असता तर त्याने त्यांना पुढे बोलावून प्रार्थना केली असती. योहान तसे काही करीत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे तो सांगतो. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, दमदाटी करून कोणाचे पैसे काढू नका, पगारात भागवा. गंमत अशी की नाका सोडा किंवा शिपाईगिरी सोडा असे तो कोणालाही म्हणत नाही. ज्या जागी तो माणूस रोज उभा असतो, त्याच जागी त्याचा हात दुसऱ्याच्या खिशात कुठे जातो तेवढे बोट ठेवून दाखवतो. सोळा अध्याय पुढे त्याच लूकने जक्कयाची गोष्ट सांगितली आहे. यरीहोचा हा जकातदारांचा मुख्य येशूला घरी नेतो आणि उभा राहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करीन. जक्कय रडला की नाही, लूक सांगत नाही. आकडे मात्र देतो.

आता आपल्याकडे या. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस आपण काहीतरी सोडतो. रविवार वगळले की ते बरोबर चाळीस भरतात. कोणी मटण सोडतो, कोणी दारू, कोणी चहा, आणि हल्ली तरुण मुले मोबाईलवरच्या मालिका सोडतात. यात वाईट काही नाही. शरीराला शिस्त लागते. पण मटण सोडून सुरमईवर ताव मारणाऱ्या घरांची मला पुरेशी माहिती आहे. उपवासाने वाचलेले पैसे गरिबाकडे जावेत ही या काळाची फार जुनी शिकवण आहे. ती मागे पडली आणि उपवास हा माझा आणि माझ्या देवाचा खाजगी व्यवहार झाला. त्यात तिसरा माणूस उरलाच नाही. चर्चमध्ये डोके वर करून पाहिले तर छताला पंखे दिसतात आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात देणाऱ्याचे नाव दिसते. पंखा बंद असला की नाव वाचता येते, सुरू असला की वारा येतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये हे वचन त्याच पंख्यांखाली दर वर्षी वाचले जाते.

धार्मिक माणसाचा स्वार्थ ओळखणे अवघड असते, कारण तो सोवळे नेसून येतो. ‘माझे तारण’, ‘माझी सेवा’, ‘आमची मंडळी’, ‘आमच्या आजोबांनी बांधलेले चर्च’. यातले एकही वाक्य पाप वाटत नाही. येशूच्या जवळच्या शिष्यांतही हा रोग होता. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे जाऊन त्याच्या वैभवात उजवी-डावी जागा मागतात. मार्क पुढे लिहितो की ते ऐकून बाकीचे दहा जण रागावले. हे दहा जण तत्त्वासाठी रागावले असतील असे मानणे फार भोळेपणाचे होईल. त्यांनी रांग लावायच्या आत दोघांनी नंबर लावला, एवढाच राग. करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाच्या वेळीच खातेपिते लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा पोहोचून उपाशी राहत. त्यावर पौल इतका चिडला आहे की तुमचे एकत्र येणे हिताचे नाही, नुकसानीचेच आहे, असे तो स्पष्ट सुनावतो. उपासना करून नुकसान होऊ शकते ही गोष्ट त्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

आपल्या इतिहासात करिंथ दूर नाही. मराठी मुलुखात महारवाड्यातून आलेले ख्रिस्ती आणि मांगवाड्यातून आलेले ख्रिस्ती एका प्याल्याला तोंड लावायला तयार होत नसत; मिशनऱ्यांनी जात सोडा म्हणून सांगितले, लोकांनी नाव सोडले आणि अंतर ठेवले. गोव्यात काही गावांत फेस्ताचा मान कोणत्या कॉन्फ्रारियाचा, म्हणजे भक्तमंडळाचा, यावरून पिढ्यान्पिढ्या वाद चालले. ख्रिस्तासाठी घरदार सोडणारी माणसे जात मात्र अंगावरच्या कपड्यासारखी बरोबर घेऊन आली. बाप्तिस्म्याचे पाणी त्या कपड्यावरून ओघळून गेले.

इथपर्यंतचे बोलणे सोपे होते. स्वार्थ वाईट, तो सोडा, यावर कोण हरकत घेणार? अडचण पुढे आहे आणि तिच्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे. स्वतःला सोडा असे आपण ज्याला सांगतो, त्याच्याकडे सोडण्याजोगे ‘स्व’ असते का, हे आपण विचारतच नाही. हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला केडगावात जाऊन विचारावा लागतो.

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायका त्यांनी आणल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण असे तिघेही गेले होते, आणि उरलेले भाऊ-बहीण उपाशीपोटी देशभर पायी फिरले होते. केडगावात रमाबाईंनी या मुलींना आधी खायला घातले आणि मग अक्षरे शिकवली. हातमाग, शेती, तेलघाणा, गुरे, छापखाना यांची कामे शिकवली. कोणावर अवलंबून राहावे लागू नये, हा त्या सगळ्यामागचा हेतू होता.

१९०५ च्या जूनअखेरीस याच ठिकाणी ते प्रसिद्ध उज्जीवन झाले. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रमाबाईंनी प्रार्थनेसाठी गट जमवला होता. पुढे साडेपाचशेजणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. एका पहाटे मुलींच्या झोपण्याच्या जागेत एकीला आपल्या अंगात आग उतरल्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आले की ही आग तसली नाही. तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. मग शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, रडू आणि हसू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत पडला नाही. रमाबाईंनी आपल्या ‘मुक्ती प्रेयर-बेल’ या वार्तापत्रातून त्याची बाजू घेतली. या देशातल्या लोकांनी इंग्रजांच्या पद्धतीने शांत बसूनच प्रार्थना केली पाहिजे असे कोणी ठरवले, असा त्यांचा रोख होता.

या प्रसंगाबद्दल बोलताना आपले वक्ते आगीवर थांबतात. मला बादली जास्त महत्त्वाची वाटते. शेजारणीला आग लागली असे वाटल्यावर ती मुलगी स्वतःचे अंथरूण घेऊन पळाली नाही. ती पाणी आणायला गेली. पाच-दहा वर्षांपूर्वी दुष्काळी कामांवर ज्यांनी भाकरीच्या तुकड्यासाठी मारामाऱ्या पाहिल्या होत्या, अशा मुलींच्या घरात हे घडत होते. तिथे आलेल्या एखाद्या मुलीने भाकरीचा तुकडा पदराखाली लपवला असेल, तर त्याला आपण स्वार्थ म्हणायचे का? मी म्हणणार नाही. तो जिवंत राहण्याचा शहाणपणा होता. तो सुटायला आधी अशी जागा लागते जिथे उद्याही भाकरी मिळेल याची खात्री असते. रमाबाईंनी ती जागा अगोदर उभी केली, आणि नवीकरणाची प्रार्थना नंतर. हा क्रम उलटा केला की उपदेश क्रूर होतो.

आणि तो उलटा केलेला आपण रोज पाहतो. नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट घेऊन आलेल्या बाईला ‘आपला वधस्तंभ उचला, बाई’ असे सांगून परत पाठवले जाते. जमिनीचा वाटा मागणाऱ्या बहिणीला ख्रिस्ताने काही मागितले होते का, असे विचारले जाते, आणि विचारणारा भाऊच असतो. चर्चचा रखवालदार महिनोन्महिने थकलेला पगार मागतो तेव्हा त्याला सेवाभाव शिकवणारे कमिटीचे सभासद स्वतःच्या प्रवासखर्चाची पावती विसरत नाहीत. दुसऱ्याने स्वार्थ सोडावा असे सांगण्यात स्वार्थाचा सगळ्यात मोठा फायदा होतो.

स्वतः रमाबाईंवर हा प्रयोग झाला होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पुढे झालेला पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि प्रत्येक पाळकाने तो वाचावा असा आहे. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेली खीर खायला तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले तेव्हा त्या उसळल्या. धर्माच्या गूढ गोष्टींवर स्वतःच्या सदसद्विवेकाने विचार करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. भटांच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्या कोणाचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. सिस्टर जेराल्डीन यांना यात हट्ट आणि अहंकार दिसला. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, हेही खरे. पण शिष्येने आपल्यासारखे व्हावे ही इच्छा आणि शिष्येने ख्रिस्तासारखे व्हावे ही इच्छा यातला फरक त्यांना कळला नाही. तो अनेक गुरूंना कळत नाही.

याच ‘हट्टी’ बाईने पुढे काय काय सोडले ते पाहा. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी, अमेरिकेत हजारोंच्या सभा गाजवणारे वक्तृत्व, पुण्या-मुंबईच्या सुधारकांत मिळालेले स्थान. त्यांनी चालवलेल्या शारदा सदन या निवासी शाळेतल्या मुली ख्रिस्ती होत आहेत या वादात १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि त्या पुण्यात जवळजवळ एकट्या पडल्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे. म्हणजे बुद्धीला पटून धर्मांतर केलेल्या या विदुषीलाही दुसऱ्यांदा नवे व्हावे लागले. आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर, डौलदार मराठी त्यांच्या हातचा मळ होती; ती मुद्दाम टाळून अडाणी बाईला वाचता येईल अशी साधी, काही ठिकाणी ओबडधोबडही मराठी त्यांनी पत्करली. पंडितांनी त्या भाषेला नावे ठेवली. केडगावच्या मुलींनीच या भाषांतराचे खिळे जुळवले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ मध्ये. स्वतःच्या विद्वत्तेचा दिखावा सोडणे हा विद्वानाचा स्वार्थत्याग आहे, आणि तो पैसा सोडण्याहून कठीण असावा, नाहीतर तो जास्त ठिकाणी दिसला असता.

रमाबाईंकडून स्वातंत्र्य काढून घेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांनी ते दिले नाही. नंतर त्यांनी स्वतःहून जे दिले ते कोणी मागितलेही नव्हते. सोडणे आणि हिरावले जाणे यांत हा फरक आहे, आणि ख्रिस्ती स्वार्थत्यागाची सगळी इमारत त्यावर उभी आहे. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, अशा आशयाचे येशूचे बोलणे योहानाने नोंदवले आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट आहे. ज्याच्याकडे देवाची बरोबरी होती त्याने ती धरून ठेवली नाही, स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले. होती म्हणून सोडता आली. मुळातच दास असलेल्याला पुन्हा दास हो म्हणून सांगण्यासाठी तो उतारा वापरणे म्हणजे त्याचा अर्थ पालथा करणे आहे.

या उताऱ्याचे एक अंग उपदेशात सहसा येत नाही. पौल हे तुरुंगातून लिहितो आहे आणि ज्या मंडळीला लिहितो आहे तिथे एक भांडण चालू आहे. चौथ्या अध्यायात दोन बायकांची नावे येतात, युवदीया आणि सुंतुखे. दोघींनी सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर कष्ट काढले होते. म्हणजे त्या मंडळीतल्या वजनदार बायका होत्या. त्यांचे भांडण कशावरून होते ते पौल लिहीत नाही. कोणाची चूक तेही लिहीत नाही. युवदीयेला विनंती, आणि सुंतुखेला विनंती, असे तो दोघींना वेगवेगळे म्हणतो. ‘तुम्ही दोघी’ असे एका झटक्यात उरकत नाही. मंडळीतल्या एका सोबत्याला सांगतो, यांना मदत कर. ख्रिस्ताच्या अवताराबद्दल नव्या करारात जे सर्वांत उंच लिहिले गेले त्यातला हा एक भाग आहे, आणि तो दोन कामसू बायकांच्या अबोल्याच्या पत्रात आला आहे. पुस्तिकेचा तिसरा आठवडा सबंध या पत्रावर आहे.

आता एक उलटे उदाहरण, कारण स्वार्थत्यागाचाही हिशेब तपासावा लागतो. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातिपंथाच्या भिंती नसलेले, मिशनच्या पैशावर न चालणारे ख्रिस्तभक्तांचे कुटुंब व्हावे ही त्यांची धडपड होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. टिळकांच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी उघडून ठेवली की त्या त्यागाचा जमाखर्च दिसतो. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. कोणी मागितले की ते देऊन मोकळे होत, रस्त्यावरचे पोरके मूल घरी घेऊन येत. आणि उद्याच्या स्वयंपाकाची विवंचना लक्ष्मीबाईंनी करायची. एकाने हात सैल सोडला की दुसऱ्याला मूठ आवळावी लागते, आणि जगात दानशूर म्हणून नाव होते ते पहिल्याचे. लक्ष्मीबाईंनी हे सगळे इतक्या विनोदाने लिहिले आहे की वाचणारा हसतो आणि हिशेब विसरतो. मी विसरू नये म्हणतो. घरातल्या माणसाच्या ताटातून काढून बाहेरच्याला वाढणे हा त्याग होत नाही, निदान विचारल्याशिवाय तरी.

खुद्द लक्ष्मीबाईंचे परिवर्तन मला टिळकांच्या परिवर्तनाहून जास्त शिकवते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आकांत केला, पाच वर्षे सोवळे-ओवळे सांभाळत काढली. मग विचार करता करता त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडला, आणि तो बाप्तिस्म्याच्या आधी गळून पडला. कोणाच्याही हातचे खाईन-पिईन हे त्यांनी आधी ठरवले; १९०० साली बाप्तिस्मा नंतर झाला. पुढे नगरला प्लेगमध्ये त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. एके काळी शिवाशिवीने जीव कासावीस होणारी ही बाई प्लेगच्या गाठी आलेल्या पोरींना हात लावत होती. इथे कोणी आग पाहिली नाही, कोणी सभा भरवली नव्हती.

वेल्सच्या उज्जीवनाबद्दल दोन शब्द, कारण केडगावच्या आधी ते झाले आणि तिथल्या बातम्यांनी इथल्या प्रार्थनेला जोर आला. १९०४ मध्ये इव्हान रॉबर्ट्स नावाच्या सव्वीस वर्षांच्या, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेल्या तरुणाने लाखोर या आपल्या गावी सभा घेतल्या आणि काही महिन्यांत वेल्स ढवळून निघाले. लोकांनी जुनी कर्जे फेडली. न्यायाधीशांपुढे खटले उरले नाहीत म्हणून त्यांना रिवाजाप्रमाणे पांढरे हातमोजे भेट मिळाले. खाणीतल्या तट्टांना शिव्यांशिवाय हुकूम कळेनात, कारण हाकणाऱ्यांनी शिव्या सोडल्या, ही तर तिथली आवडती गोष्ट. पण १९०६ च्या सुमारास रॉबर्ट्स स्वतः थकून कोसळला, एका कुटुंबाच्या घरी विश्रांतीला गेला आणि पुढची कितीतरी वर्षे लोकांसमोर आलाच नाही. उज्जीवनाच्या कथा सांगणारे हा भाग गाळतात. मी गाळत नाही. स्वतःला संपवून टाकणे आणि स्वतःला देऊन टाकणे यांत घोळ झाला की देवाच्या कामातही माणूस जळून जातो, आणि रविवारी तीन-तीन उपासना घेणाऱ्या आपल्या तरुण पाळकांच्या बाबतीत मंडळ्यांनी याची जाण ठेवावी.

आता पुस्तिकेबद्दल. चाळीस वाचने आहेत, प्रत्येक पानभराचे. काही शुभवर्तमानांवर, काही पत्रांवर, काही मराठी ख्रिस्ती माणसांच्या आयुष्यांवर. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांना वापरता यावे असा प्रयत्न केला आहे, त्यामुळे दोघांनाही कुठे ना कुठे खटकेल. लूकने आपला वधस्तंभ उचलण्याच्या वचनात ‘दररोज’ हा शब्द घातला आहे, मत्तय आणि मार्क यांच्यात तो नाही. दररोज एकच पान ठेवण्याचे कारण तेवढेच. एका बैठकीत वाचून संपवणाऱ्याला हाती काही लागणार नाही. प्रत्येक पानाखाली दोन ओळी कोऱ्या आहेत. तिथे अनुभूती लिहू नये. कोणाचे काय परत करायचे, कोणाकडे जाऊन काय बोलायचे, कोणती जागा दुसऱ्यासाठी रिकामी करायची, ते नाव आणि रक्कम घालून लिहावे.

पाळकांना आणि धर्मगुरूंना विनंती की या कोऱ्या ओळी साक्षीच्या वेळी कोणाला मोठ्याने वाचायला लावू नका, आणि कमिटीच्या सभासदांनी ही पुस्तिका आधी स्वतः वापरल्याशिवाय मंडळीत वाटू नका. घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या बहिणीला माझे वेगळे सांगणे आहे. या पुस्तिकेतले एकही पान तुम्हाला सोसत राहा असे सांगण्यासाठी लिहिलेले नाही, आणि कोणी ते तसे वापरत असेल तर तो चूक करतो आहे. वाचन बाजूला ठेवा आणि ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाला आजच सगळे सांगा. चाळीस दिवस संपायची वाट पाहू नका.